वन्संच्या हातची घागर

मालव्यात पाऊस ओढ देतो तेव्हा गाव उज्जैनी करतं. आमच्या इंदूरच्या सुदामा नगरातल्या पोरांना हे सांगितलं तर हसतात, पण मी डोळ्यांनी बघितलेलं आहे. सकाळी सगळं गाव घरं बंद करून बाहेर पडतं. म्हातारे, तान्ही लेकरं, गुरं, सगळे. गावात एक चूल पेटायची नाही, एक माणूस मागे राहायचा नाही. कांकड म्हणजे गावाची शीव, तिच्या पलीकडे झाडाखाली दाल-बाटी करायची आणि दिवसभर तिथेच बसायचं. वरून इंद्रानं बघावं की गाव उजाड झालं, माणसं घर सोडून निघाली, आणि त्याला दया यावी. दिवस मावळायच्या आत परत. बस, इतकंच. पण त्या रिकाम्या गावाकडे वळून बघितलं ना, तर एक धूर दिसायचा नाही. कुत्रीसुद्धा माणसांच्या मागे निघून आलेली असायची.

आमचं सासर गौतमपुऱ्याच्या पुढे, चंबळेच्या अंगाला. गावाचं नाव नाही सांगत, तिथे अजून ओळखीचे लोक आहेत. होळकरांच्या वेळी आमच्या घरचं कोणी वसुलीच्या कारकुनीवर तिथे आलं आणि राहून गेलं. मराठी घर गावात एकच. राज्य गेलं, मध्यभारत झालं, मग तेही जाऊन मध्यप्रदेश झाला, पण सासूबाईंच्या तोंडचं 'आपले महाराज' काही सुटलं नाही. कारकुनी गेली तरी एक मान घरात राहिला होता. उज्जैनीच्या दिवशी गाव सोडायच्या आधी महादेवाचा गाभारा पाण्यानं भरतात, पिंड बुडेपर्यंत. त्यातली पहिली घागर आमच्या घरच्या कुमारिकेनं ओतायची. लग्न न झालेल्या मुलीनंच. मग बाकीचं गाव.

मी लग्न होऊन गेले तेव्हा ती कुमारिका म्हणजे माझी नणंद. वयानं माझ्याहून लहान, पण आमच्यात धाकट्या नणंदेलाही वन्संच म्हणायचं आणि अहो-जाहो करायचं. मी इंदूरची, बड़ा गणपतीजवळची. चौथी झाली आणि घरात भावंडं सांभाळायला बसवलं, ते बसवलंच. वन्सं मात्र गौतमपुऱ्याला पायी जाऊन शिकल्या. वर्गात मुलगी एकट्या त्याच. मी जात्यावर बसले की त्या समोर बसून मोठ्यानं धडे म्हणायच्या. मला त्यातलं अर्धं कळायचं नाही, पण दळण लवकर सरायचं. त्यांना एकच पाहिजे होतं. इंदूरला कॉलेजात जायचं आणि बी. ए. व्हायचं. दुसरं काही त्यांनी कधी मागितलंच नाही, साडीसुद्धा नाही.

हायर सेकंडरी त्या चांगल्या पास झाल्या. शाळेचे हेडमास्तर स्वतः आमच्या ओसरीवर येऊन ह्यांना सांगून गेले की मुलीला पाठवा. हे हो म्हणाले. माझ्या आईकडे राहायचं ठरलं. एक बुधवार ठरला होता, त्या दिवशी स्वतः हजर राहून प्रवेश घ्यायचा, त्यानंतर बंद.

आणि त्या वर्षी आषाढ कोरडाच चालला. ढग यायचे, काळे व्हायचे आणि सरकून जायचे. पेरलेलं जमिनीतच भाजलं. एके दिवशी दुपारी पटेल आले. पटेल म्हणजे गावचा मुखिया. त्यांची कापसाची जिनिंग होती, हे तिथेच कामाला होते. पटेल खाटेवर बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "बुधवार को उज्जैनी है।"

हे म्हणाले, "पटेलजी, एक दिन आगे-पीछे नी हो सकता क्या? बुधवारी तर बहिणीला इंदूरला घेऊन जायचं आहे."

"मुहूरत पंडत ने काढ्यो भाई, म्हने थोड़ी काढ्यो।"

वन्सं दाराआड उभ्या होत्या. तिथूनच म्हणाल्या, "काका, मी पहाटेच घागर ओतते आणि सकाळच्या मोटारीनं जाते."

पटेल त्यांच्याकडे बघून हसले. माणूस वाईट नव्हता, हे मी आधीच सांगते. आवाज कधी चढवला नाही. म्हणाले, "बेटी, जो पाणी ढोळेगा वो सांझ तक गांव के साथ रेगा। ऐसे पाणी डाल के भागते हैं क्या महादेवजी के ऊपर से?"

ते गेल्यावर घरात खूप बोलणं झालं. सासूबाई म्हणाल्या, "कॉलेज काय पळून जातंय? पुढच्या वर्षी जाईल. गावाचा शाप घेऊन शिकायला जायचं का?"

वन्सं म्हणाल्या, "आणि पुढच्या वर्षी उज्जैनी नाही होणार?"

ह्यांनी चप्पल घातली आणि जिनिंगवर निघून गेले.

बुधवारी वन्संनी ओल्या लुगड्यानं घागर ओतली. मी मागेच उभी होते. पाणी पिंडीवर पडताना त्यांच्या तोंडाकडे बघितलं तर काहीच नव्हतं तिथे, ना राग ना रडू. मग आम्ही सगळे कांकडाबाहेर गेलो. बाट्या भाजल्या. दुपारी वन्सं म्हणाल्या, "आता तिथे नावं पुकारत असतील, वहिनी." मी त्यांच्या ताटात तूप वाढलं, दुसरं काय करणार होते.

परत यायच्या वेळेला पश्चिमेकडून वारा आला. आणि मग जो पाऊस लागला तो असा लागला की बाट्यांची परात घराशी येईपर्यंत पाण्यानं भरली. लोक नाचत होते. पटेल चिखलात बसून रडत होते. कोणीतरी ओरडलं, "बेन के हाथ से आयो पाणी!" बेन म्हणजे बहीण, आमच्या वन्सं. आणि बायका धावत येऊन भर रस्त्यात वन्संच्या पाया पडायला लागल्या. म्हाताऱ्या, आईच्या वयाच्या. वन्सं मागे सरकत होत्या आणि बायका पुढे सरकत होत्या. सासूबाईंचं तोंड असं फुललं होतं की काय सांगू.

मी तेव्हाच मनात म्हटलं, हे चांगलं नाही झालं.

पाऊस थांबेना. चंबळ फुगली, रपट्यावरून, म्हणजे नदीतल्या बुटक्या पुलावरून, पाणी वाहायला लागलं, गाड्या-मोटारी सगळं बंद. कोरड्यातून जे वाचलं होतं ते आता कुजायला लागलं, पण गावाला त्याचं काही नव्हतं. पाणी आलं होतं ना. रस्ता उघडल्यावर हेडमास्तर इंदूरला जाऊन कॉलेजात विनवून आले. तिथे सांगितलं, आता जागा नाही, पूर आला, उज्जैनी झाली, हे कारण लिहून कसं घ्यायचं? पुढच्या वर्षी या.

ते वर्ष मी विसरले नाही. कोणी आम्हाला त्रास दिला असता तर सोपं होतं. इथे तर उलटंच. पहिला भुट्टा आमच्या घरी. पहिलं दूध आमच्या घरी. कोणाची म्हैस व्यायली की खरवस वन्संना. कोणाचं मूल आजारी पडलं की उंबऱ्यावर आणून ठेवायचे, वन्संनी नुसता हात लावावा म्हणून. त्या म्हणायच्या, "अहो, डॉक्टरकडे न्या." ते म्हणायचे, "तू हात लगा दे बस।"

देवासहून एक स्थळ आलं. मुलगा मास्तर, घर चांगलं, आणि पुढे शिकू देऊ असंही बोलले. हे खूश झाले. दुसऱ्या दिवशी पटेल येऊन बसले. "अब्बी से क्या जल्दी है? छोरी है, रेने दो दो-चार बरस।" ह्यांनी मान खाली घातली. जिनिंग पटेलांची होती. मला तेव्हा लख्ख समजलं. लग्न झालं की वन्सं कुमारिका राहणार नव्हत्या. आणि कुमारिका गावाला पाहिजे होती.

वन्सं गौतमपुऱ्याला पुस्तक आणायला निघाल्या की कोणीतरी बरोबर निघायचं. "अकेली कां जई री, बेन? मैं भी चलती हूं." परत येईपर्यंत सोबत. होळी झाली तशी ही सोबत वाढली. वैशाखात तर त्या विहिरीवर गेल्या तरी दोन बायका मागे. एकदा त्या मला म्हणाल्या, "वहिनी, कॉलेज उघडतं आषाढात. पाऊस येतो आषाढात. मी कधी जाणार सांग."

त्या वर्षी ज्येष्ठात मला सातवा महिना होता. माझं पहिलं बाळ सातव्यातच गेलं होतं, ते सगळ्या गावाला माहीत होतं. मी ह्यांना म्हटलं, मला माहेरी जायचं आहे बाळंतपणाला, आणि बरोबर वन्सं पाहिजेत. हे उठून दार लोटून आले. मग म्हणाले, "आईला विचार."

सासूबाई तांदूळ निवडत होत्या. मी विचारलं. त्यांनी वर न बघता विचारलं, "किती दिवसांसाठी?"

मी म्हटलं, "बाळंतपण होईपर्यंत."

"हं," म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी बघते तर त्यांनी वन्संच्या गाठोड्यात थंडीची शाल बांधून ठेवली होती. ज्येष्ठाच्या उन्हात कोणी शाल देतं का? त्यांना सगळं समजलं होतं.

कांकडावरच्या निंबाखाली पटेलांची खाट असायची. आमची बैलगाडी तिथे आली तसे ते उठून उभे राहिले. बाजूला चार-पाच लोक. सूर्य डोक्यावर, आकाशात नावाला ढग नाही.

"बहू, तू तो जा, भगवान अच्छा करेगा। बेन कां जई री है?"

मी म्हटलं, "सोबत म्हणून, पटेलजी."

"सोबत को म्हारी बहू भेज दूं। बेन को रेने दे। पाणी का टाइम है।"

बैल शेपट्या हलवत उभे. गाडीवान बैलांचे कासरे हातात धरून दुसरीकडे बघायला लागला. तेवढ्यात सासूबाई, ज्या आम्हाला कांकडापर्यंत पोचवायला पायी आल्या होत्या, पदर खोचून पुढे झाल्या.

"पटेलजी, रस्ते में इसको कुछ हो गया तो तुम आओगे क्या गाडी में? हिचा हात धरून बसाल? लुगडं बदलाल?"

लोक हसले. पटेलही हसले, कान पकडले. "नी काकी, नी। जाओ।" मग गाडीच्या चाकाला हात लावून वन्संना म्हणाले, "पाणी के पेलां आ जाजे, बेटी।"

पावसाच्या आधी परत ये, असं म्हणाले. वन्संनी मान हलवली. होय म्हणून की नुसतीच, ते देव जाणे. सासूबाई निंबाखालीच उभ्या राहिल्या. गाडी लांब गेली तरी हललेल्या नव्हत्या.

गौतमपुऱ्याला मोटारीत बसताना कंडक्टर म्हणाला, "आराम से बैठो भाभीजी। पाणी मत मांगना रस्ते में, पाणी तो इंदौर में भी नी है।" त्याला वाटलं आम्ही हसू.

कॉलेजात वन्संना प्रवेश मिळाला. माझा भाऊ घेऊन गेला होता. तिथल्या बाबूनं सांगितलं म्हणे, इस साल देहात से लड़कियाँ बहुत कम आईं, जितनी जगह चाहिए उतनी है. वन्सं हे सांगत घरात आल्या. आईनं साखर हातावर ठेवली. मी त्यांना बसवून केसांना तेल लावलं. त्या संध्याकाळी त्या पहिल्यांदा गाणं गुणगुणत होत्या, मी ऐकलं.

आषाढ लागला. आकाश पांढरं.

आषाढ गेला. आकाश पांढरंच. नळाला सकाळी थोडा वेळ धार यायची, तीही करंगळीएवढी, आणि गल्लीतल्या बायका हंड्यांवरून भांडायच्या. आमच्या आवारातल्या विहिरीत बादली टाकली की खडखड आवाज यायचा. राशनच्या दुकानासमोर लाल ज्वारीसाठी रांगा. रोज संध्याकाळी वन्सं कॉलेजातून येऊन सांगायच्या, आज आणखी एक गेली. सांवेरकडच्या एका मुलीचे वडील आले, फाटकाशी उभे राहिले, तिला बाहेर बोलावलं आणि घेऊन गेले. तिचं लग्न उरकलं, घरात एक खाणारं तोंड कमी. एकीचा भाऊ कॉलेजात होता, तो शिक्षण सोडून गुरांबरोबर चाऱ्याच्या शोधात गेला, मग तिला इंदूरात बघायला कोण? तीही गेली. मग होस्टेलची विहीर आटली आणि होस्टेलच बंद केलं. सामान बांधून मुली टांग्यातून स्टेशनकडे निघाल्या, तेव्हा वन्सं फाटकाशी उभ्या होत्या. म्हणाल्या, "परत येऊ म्हणत होत्या सगळ्या. कोणी पुस्तकं नाही नेली वहिनी, इथेच ठेवून गेल्या, परत येणार म्हणून." पुढे एक-दोघी आल्या असतील. बाकीच्यांची पुस्तकं पोरांनी जुन्या बाजारात विकली.

श्रावणात मला मुलगी झाली. चांगली, धडधाकट. बाळंतिणीला अंघोळीला पाणी पाहिजे म्हणून माझा भाऊ सकाळी सायकलला हंडे बांधून लांब जायचा.

एके दिवशी संध्याकाळी बाहेरून रडण्याचा आवाज आला. आम्ही खिडकीशी गेलो. तिरडी चालली होती. पुढे मडकं धरलेला, मागे पंधरा-वीस माणसं छाती पिटत "हाय रे, हाय रे" करत. मी मुलीला पदराखाली घेतलं. मग तिरडीवरचा माणूस खांदेकऱ्याला म्हणाला, "अरे भिया, धीरे, गिरा देगा क्या?" लोक हसायला लागले. जिवंत माणसाला तिरडीवर बांधून मसणात नेत होते, पावसासाठी. असं करतात आमच्याकडे. माझी आईही हसली. तिरडी खिडकीखालून गेली, त्या माणसानं मान वळवली आणि नेमकं वन्संकडे बघितलं. उगाच, खिडकीत बाई दिसली म्हणून. वन्सं भिंतीला टेकल्या.

"वहिनी, माझ्यामुळे तर नाही ना?"

मी म्हटलं, "तुमच्यामुळे थांबला असता तर तुमच्या गावात थांबला असता. इंदूरनं तुमचं काय केलंय? इथे तर तुम्हाला कोणी ओळखत पण नाही."

त्यांनी मान हलवली. पण त्या दिवसापासून पुस्तक समोर ठेवून त्या आभाळाकडेच बघत बसायच्या. एका पानावर बोट ठेवून सबंध संध्याकाळ. मला कळत होतं की प्रवेश मिळाला तरी शिक्षण त्यांच्या हातातून निसटून राहिलं होतं, आणि आता न्यायला बाहेरून कोणी यायचीही गरज नव्हती.

तरी आले. भादवा लागताना पटेल आले, बरोबर गावातले दोन म्हातारे. आमच्या दारात चपला काढल्या, हात जोडले. पटेल केवढे वाळले होते! आईनं चहा केला. अर्धा-अर्धा कपच केला, पाणी कुठलं?

पटेलांनी गावाची हकीकत सांगितली. मोठी विहीर तळाला. गुरं सोडून दिली, ज्याची जिथे जातील तिथे. जिनिंग बंद, म्हणून हे घरीच बसलेले. आणि सासूबाईंना विहिरीवर बायका पुढे येऊ देत नाहीत, सगळ्यांचं झाल्यावर जो गाळ उरेल तो भरायचा. "म्हने मना कर्यो लोगां को," पटेल म्हणाले, "पण लोग है। लोग को कितना रोकोगे?" हे त्यांनी धमकी म्हणून नाही सांगितलं. खरंच दुःखानं सांगितलं. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

मग वन्संना म्हणाले, "एक घागर, बेटी। फकत एक।"

वन्सं खाली बसल्या होत्या, गुडघ्यांना हात बांधून. म्हणाल्या, "आणि नाही आला तर?"

पटेलांनी कप खाली ठेवला. त्यांच्याबरोबरचा एक म्हातारा बोलला, अगदी सहज. "तो फेर ढोळजे।" पुन्हा ओत म्हणे.

"आणि परत नाही आला तर?"

"जब तक आवे, तब तक।"

वन्संनी त्या म्हाताऱ्याकडे बघितलं, मग पटेलांकडे. "मी नाही येत, काका," म्हणाल्या. "माझी परीक्षा आहे."

पटेलांनी डोळे मिटले. मला वाटलं आता संपलं. तेवढ्यात माझी मुलगी रडली. आई तिला पाळण्यातून उचलून बाहेर घेऊन आली. नवी आजी, तिला कोणालाही दाखवायची हौस. आणि आईला गावाकडचं हे मानाचं फारसं माहीत नव्हतं, मी कधी नीट सांगितलंच नव्हतं.

म्हाताऱ्यानं विचारलं, "छोरा के छोरी?"

"मुलगी हो, मुलगी! लक्ष्मी आली," आई म्हणाली.

तो म्हातारा उठला. काठी बाजूला ठेवली. दोन्ही हात जोडून त्यानं माझ्या लेकीसमोर कपाळ जमिनीला लावलं. मग दुसऱ्यानं. मग पटेलांनी. त्यांनी पिशवीतून वन्संसाठी आणलेला नारळ काढला आणि दुपट्यात, माझ्या मुलीच्या पायाशी ठेवला. त्यांचे डोळे भरून आले होते.

"अपणा घर की कुमारिका तो यां है," ते म्हणाले. "अगली उज्जैनी में मां की गोद में बैठ के चुल्लूभर ढोळ देगी। वन्नी बेन को पढ़ने दो।"

बहिणीला शिकू द्या, असं म्हणाले. जाताना उंबऱ्यावरून मागे वळून मुलीकडे बघून हसले. आई अजून कौतुकानंच बघत होती, तिला वाटलं केवढा मान दिला.

ते गल्लीच्या वळणावर गेल्यावर वन्सं उठल्या आणि गाठोडं बांधायला लागल्या.

"काय करून राहिल्यात?" मी विचारलं.

"मी जाते. मी असेपर्यंत हिला कोणी मागणार नाही."

मी मुलीला आईकडे दिलं आणि गाठोड्यावर बसले. खरोखरच बसले. बाळंतीण बाई, जोर कुठला होता अंगात, म्हणून वजन टाकलं. म्हटलं, "तुम्ही गेलात तर दोघी जाल. पाऊस आला तरी जाल आणि नाही आला तरी जाल. उद्या तुमचं कॉलेज किती वाजता आहे?"

त्या रडायला लागल्या. मी म्हटलं, "रडा. पण वेळ सांगा."

"साडेसातला."

"मग पोळी रात्रीची बांधून देते. सकाळी पाणी नाही मळायला."

दुसऱ्या दिवशी त्या गेल्या. मी दारात उभी राहून बघितलं. आकाश तसंच होतं, धुतलेल्या फडक्यासारखं. त्या वळणापर्यंत गेल्या, थांबल्या, वर बघितलं. मग पुढे गेल्या.

मी त्याच आठवड्यात ह्यांना निरोप पाठवला की मी परत येणार नाही, तुम्ही या. आमच्यात बाई असं म्हणत नाही. सासरच्या नात्यागोत्यातल्यांनी वर्षभर माझं तोंड बघितलं नाही. हे आले, दसऱ्यानंतर, एका ट्रंकेसह. मिलमध्ये बदली कामगार म्हणून लागले. सासूबाई नाही आल्या. म्हणाल्या, घर बंद केलं तर मान जाईल. आता विहिरीवर त्यांना कोणी अडवत नव्हतं. उलट पहिली घागर त्यांना भरू द्यायचे, नातीची आजी म्हणून.

वन्संनी परीक्षा दिली. त्यांच्या वर्गात खेड्यातून आलेली मुलगी शेवटी त्या एकट्याच उरल्या होत्या. पास झाल्या. पुढेही झाल्या, बी. ए. झाल्या, शाळेत शिकवायला लागल्या. आषाढात त्यांना झोप लागायची नाही, ती शेवटपर्यंत लागली नाही.

पुढच्या वर्षी पाऊस वेळेवर आला. उज्जैनी करायची वेळच आली नाही. गौतमपुऱ्याच्या बाजाराला येणारा गावचा एक माणूस इंदूरला आला होता, तो पटेलांचा निरोप घेऊन दारात आला. शेतं हिरवी आहेत, विहीर काठाला आली, सगळे खूश आहेत. नारळ पायाशी ठेवल्याचं फळ मिळालं म्हणे. तुमच्या छोरीच्या पायगुणानं आलं पाणी. गाव तिला बघायला मागतं, एकदा घेऊन या.

मुलगी तेव्हा भिंत धरून उभी राहायला लागली होती. ती त्याच्याकडे बघून हसत होती. मी तिला उचलून आत नेलं, दार लोटलं आणि मग त्याला चहा दिला.